कामिनी आणि कोंबडीखत

मी रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. लोक सकाळी रिकाम्या पोटी येतात, कागदात गुंडाळलेली डबी टेबलावर ठेवतात आणि लाजून दुसरीकडे बघतात. मला त्याचं काही वाटत नाही. थुंकी असो, पू असो, शौच असो, काचपट्टीवर पसरलं की ते माझ्यासाठी कामाचं होतं. तिथून उठून हात धुऊन मी डबा उघडते आणि भाजी-पोळी खाते. तेव्हा किळस हा प्रकार आपल्याला नाहीच, असं मी बरीच वर्षं समजत होते. तो समज नवापूरला गेल्यावर गेला.

नवरा सुरतेला कापडाच्या कंपनीत कामाला. मला नवापुरात काम मिळालं, आणि तिथून सुरतेला सरळ गाडी आहे म्हणून आम्ही ठरवलं की मी नवापुरात राहायचं आणि त्याने शनिवारी संध्याकाळी यायचं. गावाच्या कडेला एका घराचा वरचा मजला मिळाला. दोन खोल्या, मोठी गच्ची, नळाला पाणी. घर बघायला गेलो ती थंडीतली सकाळ होती आणि वारा उलट्या बाजूचा होता. घरामागे पत्र्याची लांबलचक शेड दिसत होती. कोंबड्यांची आहे हे कळलं, पण नवापुरात कोंबड्या नाहीत असं घर शोधायचं म्हणजे आमच्या तापीकाठी केळी नाहीत असं शिवार शोधण्यासारखंच. आम्ही हो म्हटलं.

राहायला आले आणि दुसऱ्या दिवशी वारा फिरला.

तो वास नाकाला लागत नाही, तो घशात जाऊन बसतो. आधी डोळ्यांत झोंबतं, मग जिभेच्या मुळाशी काहीतरी खारट, कुजकट चिकटल्यासारखं होतं. गवार परतली तरी त्यात तो, चहात तो, उशीच्या अभ्र्यात तो. मी शाकाहारी गुजर घरातली. आमच्या घरात अंडं कधी आलं नाही, आणि मामाच्या घरी कुणी बाहेर अंडं-मटण खाऊन आलं तर आजी त्याला अंगणातच चूळ भरायला लावायची. पण माझी किळस धर्माची नव्हती. ती निव्वळ पोटातून यायची. मी खिडक्या लावून कापूर जाळायचे. मग कापूर आणि कोंबडी असा एक तिसराच वास तयार व्हायचा. तो सगळ्यात वाईट.

घरमालकीण खाली राहायची. पन्नाशीची, दणकट, आवाज मोठा. तिचा नवरा अंड्यांची गाडी घेऊन बाहेरगावी असायचा. शेड तीच बघायची. मी तिला मावशी म्हणायचे. तिने पहिल्या दिवसापासून मला एकेरीवर घेतलं आणि अहिराणीत बोलायला सुरुवात केली. आमच्या घरची बोली वेगळी, पण खान्देशात वाढलेल्या माणसाला अहिराणी कळतेच. बाई मनाने सोन्यासारखी होती. मला ताप आला तेव्हा तिने वर येऊन डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. मी डोळे मिटून पडले होते आणि तिच्या पदराचा वास माझ्या तोंडावर येत होता. ती गेली की पट्टी काढून टाकू, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

माहेरून मी येताना एक कामिनी आणली होती. मधुकामिनी म्हणतात ती. बारीक, तुकतुकीत पानांची, बारमाही हिरवी. आईने रंगाच्या पांढऱ्या बादलीला खालून भोकं पाडून त्यात लावली होती. नवापुरात गच्चीवर ती चांगली वाढली. मी तिला केळीच्या सालींचं पाणी घालायचे. पाच लिटरच्या कॅनमध्ये साली टाकायच्या, पाणी भरायचं, झाकण सैल लावून आठवडा-पंधरवडा आंबू द्यायचं. काळं, फेसाळ पाणी तयार होतं. आमच्या घरी केळीचे घड, खोडं, साली सगळं आयुष्यभर आजूबाजूला कुजत आलेलं, त्यामुळे मला तो वास म्हणजे घरचा वास.

पुढच्या हिवाळ्यात कामिनीची पानं पिवळी पडायला लागली. पाणी घातलं की बुडातून भळभळा निघून जायचं. बादली तिरकी करून पाहिलं तर भोकांतून मुळं बाहेर आलेली, जाड, एकमेकांत गुंतलेली. तिला मोठ्या कुंडीत हलवायला हवं होतं. रविवार धरून हे काम करायचं ठरवलं, नदीकाठची पोयटा माती आणि जुनं शेणखत माहेरून मागवायचं म्हणून आईला फोन लावला. मी गच्चीवर उभी राहून बोलत होते. मावशी खाली कपडे वाळत घालत होती. तिने सगळं ऐकलं.

थोड्या वेळात जिन्यावर धपधप आवाज आला. मावशी वर आली. एका हातात निळ्या प्लास्टिकच्या ड्रमचा अर्धा कापलेला भाग, दुसऱ्या हाताने ओढत आणलेलं पोतं.

"काय वं, तापीवरथीन माती मागाडी ऱ्हायनी? मन्हाकडे सोनं पडेल शे."

तिने पोत्याचं तोंड उघडलं आणि मी दोन पावलं मागे झाले.

"ताजं शे," ती अभिमानाने म्हणाली. "आजच काढेल शे."

तिच्या शेडमध्ये जमिनीवर भाताचं तूस पसरलेलं असायचं. कोंबड्या त्यावरच राहायच्या, त्यावरच सगळं करायच्या, आणि काही महिन्यांनी तो सगळा थर खरवडून काढायचा. तेच पोत्यात होतं. ओलसर, राखाडी, ढेकळं झालेलं, मध्येमध्ये पिसं चिकटलेली. आणि वरच्या बाजूला, कागदासारखं चपटं झालेलं एक पिल्लू. त्याचा एक पाय तेवढा नीट दिसत होता. मावशीने ते दोन बोटांनी उचललं, गच्चीवरून खाली उकिरड्याकडे भिरकावलं आणि हात पोत्यात कोपरापर्यंत घातला.

मी प्रयोगशाळेतले हातमोजे घालून आले. ती हसायलाच लागली.

"हातमोजा कसाले घाली ऱ्हायनी? मातीले काय रोग व्हयेल शे?"

मला म्हणायचं होतं की मावशी, हे नको, हे ताजं आहे, मुळं जळतील. आई म्हणायची, कोंबडीचं खत वर्षभर मुरल्याशिवाय झाडाला दाखवू नये. पण बाई एवढं ओझं जिना चढून घेऊन आली होती, तिचा श्वास लागला होता, कपाळावर घाम होता. मी गप्प राहिले. खरं कारण हेही होतं की तोंड उघडलं असतं तर वास आत गेला असता.

काम मात्र तिला येत होतं. तिने बादली आडवी केली, चारही बाजूंनी लाथा घातल्या, मग चाकूने तिचं प्लास्टिक उभं चिरलं. मुळांचा गड्डा बाहेर आला तो हुबेहूब बादलीच्या आकाराचा. माती जवळजवळ उरलीच नव्हती. मुळं गोल गोल फिरून स्वतःलाच आवळून बसली होती. मावशीने बाहेरची मुळं चाकूने उभी कापली, खालचा तळ पोळीएवढा छाटला, नखांनी आतली मुळं मोकळी केली. त्या नखांत काळं-पिवळं भरलेलं होतं. ते मी बघत राहिले, नजर काढता येईना. मग तिने अंगणातून दोन घमेली माती आणली, अर्धी माती आणि अर्धं ते, असं ड्रममध्ये भरलं, कामिनी मध्ये ठेवली, बाजूने पुन्हा तेच ठासलं आणि वरून दोन ओंजळी आणखी दिल्या, लग्नात जेवताना तूप वाढतात तशा.

"बस. आते दखजो कशी फुटस ती."

तिने हात पदराला पुसले. पुसले, धुतले नाहीत. मग कमरेला खोचलेला पेरू काढला, दोन्ही हातांनी दाबून फोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला.

"मावशी, नंतर खाते. आत्ता हात..."

"तुन्हा हात तं मोजामा शेतस. खाय. मन्हा तोंडकडे काय दखी ऱ्हायनी?"

तिच्या अंगठ्याचा ठसा पेरूच्या पांढऱ्या गरावर उमटला होता. राखाडी ठसा, रेषा मोजता आल्या असत्या. मी हातमोजा काढला, पेरू घेतला आणि खाल्ला. ठशाची बाजू आधी खाल्ली, म्हणजे ती संपेल. ती समोर उभी राहून आपला अर्धा मजेत चावत होती, बिया थुंकत होती, शेडमधल्या कोंबड्या यंदा कशा चांगल्या भरल्यात ते सांगत होती. ती जिना उतरेपर्यंत मी ओकारी धरून ठेवली. मग मोरीत जाऊन सगळं बाहेर काढलं. दात घासले, पुन्हा घासले, मीठ-पाण्याने गुळण्या केल्या. रात्री जेवले नाही.

पुढे जे झालं ते व्हायचंच होतं. चार दिवसांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या, जणू कुणी त्यांना उदबत्ती लावली. ड्रमच्या बाजूला हात लावला तर आतून ऊब यायची. माणसाच्या अंगाची असावी तशी ऊब. त्यानंतर माश्या आल्या. शेडमुळे माश्या आधीही होत्या, पण खाली असायच्या. आता त्यांना वरच्या मजल्यावर घर मिळालं. दूध झाकलं की झाकणावर, पोळी लाटताना लाटण्यावर, झोपले की ओठांच्या कोपऱ्यात. मी पाणी पिताना ग्लास उजेडात धरून बघायला लागले. प्रयोगशाळेत हातांना वास येतो का म्हणून सारखे हात हुंगायचे. एकदा एक म्हातारे रुग्ण रक्त देता देता म्हणाले, "ताई, तुमच्याकडे पोल्ट्री आहे का?" त्यांनी सहज विचारलं. मी सुई काढली, कापूस दाबला आणि आत जाऊन रडले.

शनिवारी नवरा आला. जेवायला बसलो. त्याच्या वरणात माशी पडली. त्याने ताट सरकवलं.

"ते झाड टाकून दे."

"आईने दिलेलं आहे."

"मग खत टाकून दे."

"मावशींना काय वाटेल?"

"तू दिवसभर लोकांचे रिपोर्ट तोंडावर सांगतेस," तो म्हणाला, "आणि एका बाईला नको म्हणता येत नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी नटूनथटून बाहेर पडली. तिची बहीण चिंचपाड्याच्या दवाखान्यात भरती होती, तिला बघायला. संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. मी ओढणी नाकावर बांधली, त्यावर मास्क लावला, हातमोज्यांवर हातमोजे चढवले आणि नवऱ्याला म्हटलं, धर.

ड्रम आडवा केला आणि कामिनी ओढून काढली. त्या खड्ड्यात जे दिसलं ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. अळ्या होत्या. पाच-पन्नास असत्या तर मी चिमट्याने वेचल्या असत्या. आख्खा थरच हलत होता. पांढरट, तांदळाच्या दाण्यांएवढ्या, एकमेकींवर चढून खाली घुसणाऱ्या, आणि त्यांच्या हलण्याचा आवाज येत होता, बारीक, ओला, कुणी तोंड मिटून चघळावं तसा. त्यातून वाफ निघत होती. छाटलेली मुळं काळी पडली होती, बोटात धरली की साल निघून हातात यायची. नवरा गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि तिथूनच सूचना द्यायला लागला.

मुळं धुवायचीच होती. मी झाड मोरीत नेलं आणि नळाखाली धरलं. धुता धुता मोरी तुंबली. तूस, पिसं आणि अळ्या जाळीवर साचल्या आणि काळं पाणी वर चढायला लागलं, माझ्या घोट्यांपर्यंत आलं. काहीतरी पायाच्या बोटांमध्ये वळवळलं. मी ओरडले. नवरा धावत आला, दारातच थांबला, मग एक लांब काठी आणून त्याने जाळी मोकळी केली आणि सगळं एकदम गडगड करत खाली गेलं. खाली म्हणजे कुठे, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. घाईघाईत त्याने गच्चीवर पाऊल टाकलं ते केळीच्या पाण्याच्या कॅनवर. झाकण उडालं आणि तेही पाणी गच्चीच्या पन्हाळीतून खाली.

मोरीचा पाइप मावशीच्या मागच्या अंगणात सुटत होता. तिथे तिने जायच्या आधी भांडी घासून उलटी घालून ठेवली होती.

मी झाडाची उरलीसुरली मुळं गच्चीवर शिल्लक पडलेल्या कोरड्या मातीत कशीबशी झाकली आणि आम्ही दोघं झाडू-बादली घेऊन खाली धावलो. अंगण निम्मं धुऊन झालं असेल तेव्हा फाटक वाजलं. मावशी लवकर आली होती. दवाखान्याने तिला आत सोडलं नव्हतं, बहिणीला दुसऱ्या खोलीत हलवत होते म्हणून. ती आधीच चिडलेली होती. तिने अंगण पाहिलं, भांड्यांवरचं तूस पाहिलं, वर गच्चीकडे पाहिलं. तिला सगळं समजलं.

पण ती खतावर बोलली नाही. तिने नाकाला पदर लावला आणि भिंतीचा आधार घेतला.

"हाई काय शे? हाऊ वास कसाना शे?"

"केळीच्या सालींचं पाणी आहे, मावशी. सांडलं."

"सडेल केळं? मन्हा घरवर तू सडेल केळं ठेवस?" आणि ती खरोखर ओकली. कोंबडीखतात कोपरापर्यंत हात घालणारी ती बाई तुळशीपासून लांब जाऊन, वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ओकली. मी पाणी दिलं. तिने चूळ भरली आणि डोळे पुसत म्हणाली, "लहानपने एकदा सडेल केळं खावाडेल व्हतं माले. तवयपशी नही सहन व्हत."

मला हसू यायला हवं होतं, पण तिचं ओकणं बघून मला माझं मोरीतलं ओकणं आठवलं. मी म्हणून गेले, "मावशी, मलाही तुमचं खत सहन होत नाही. मी त्या दिवशी पेरूपण ओकून टाकला."

तिने तांब्या खाली आपटला. मग तिचा आवाज चढला.

"दिनभर लोकेसनं हागेल-मुतेल तपासस, आन मन्हा खतनी तुले किळस येस? मन्हा हातना पेरूनी किळस येस?"

"मावशी, तसं नाही..."

"तं कसं? तोंड नही व्हतं का तुले? नको सांगती. मी काय तुले मारती?"

नवरा झाडू हातात घेऊन भिंतीकडे बघत होता. ती म्हणत होती ते खरं होतं आणि तरीही मला तिच्या हातांची किळस येत होती, त्या क्षणीसुद्धा. तिने माझ्या हातातली बादली हिसकावून घेतली आणि उरलेलं अंगण स्वतः धुतलं. केळीच्या पाण्याकडे आली की पदर नाकावर घट्ट दाबायची. आम्ही वर गेलो.

नंतर बरेच दिवस ती बोलली नाही. मी जिन्यात दिसले की कोंबड्यांशी मोठ्याने बोलायची. माहेरून पोयटा माती आली, जुनं शेणखत आलं. मी ड्रम फिनाइलने घासला, उन्हात तापवला आणि कामिनी पुन्हा लावली. तोवर तिची सगळी पानं गळली होती. मी फांद्या अर्ध्यावर छाटल्या. उरल्या त्या काटक्या. नवरा प्रत्येक शनिवारी त्यांच्याकडे बघून मग आत जायचा. केळीचं पाणी मी बंद केलं. घरात केळी खाल्ली तर साली पिशवीत गाठ मारून प्रयोगशाळेजवळच्या कचऱ्यात नेऊन टाकायचे.

फाल्गुनात बुंध्याजवळ नखाएवढी पालवी दिसली. मी कुणाला सांगितलं नाही, पण मी कामावर असताना मावशीने गच्चीवर येऊन पाहिली असणार. एके दिवशी कामावरून आले तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर लहानसं पोतं, तोंड सुतळीने आवळलेलं. ती दारात तांदूळ निवडत होती.

"जुनं शे," माझ्याकडे न बघता म्हणाली. "दोन साल मुरेल शे. वास नही येवाव."

मी पोतं उघडून पाहिलं. खरंच वास नव्हता. चहाच्या पत्तीसारखं कोरडं, काळसर, मोकळं. ते कुठून आलंय हे न सांगता कुणी दिलं असतं तर मी आनंदाने घातलं असतं. पण मला माहीत होतं. हात पुढे गेला आणि पुन्हा मागे आला.

"मावशी," मी म्हटलं, "मला नाही जमणार."

"बरं," ती म्हणाली. तिने तांदळातला खडा काढून टाकला. "कारल्यासले घालसू मी."

एवढंच. पण त्या दिवसापासून ती पुन्हा बोलायला लागली, आणि मलाही नको म्हणायला जमू लागलं. तिने काही खायला आणलं की मी आधी तिच्या हातांकडे बघायचे. ती ते बघायची, आणि उठून साबणाने हात धुऊन यायची, बडबडत, शिव्या घालत. मी खायचे. कधीकधी तरीही घास फिरायचा.

श्रावणात कामिनी फुलली. पांढऱ्या फुलांनी ड्रमभर गर्दी केली आणि रात्री गच्ची दरवळून गेली. इतक्या महिन्यांनी मी पहिल्यांदा खिडक्या सताड उघड्या ठेवून झोपले. सकाळी दार वाजलं. मावशी उभी होती, कपाळाला कपडा बांधलेला, डोळे सुजलेले.

"तुन्ही ती कामिनी सरकाव वं माय. रातभर वास येस मन्हा खिडकीमा. मयमय व्हस. डोकं फुटी ऱ्हायनं मन्हं."

"फुलांचा वास?"

"फुलेसना का कसाना. वास तो वासच."

ड्रम मातीने जड झाला होता, मला एकटीला हलेना. ती म्हणाली, थांब, आणि माझ्या शेजारी येऊन वाकली. नाकाला पदर लावून एका हाताने ती ढकलत होती. ती पहाटेच शेडमधून आली होती, म्हणून मी तोंड फिरवून दुसऱ्या बाजूने ढकलत होते. असं करत करत आम्ही कामिनी गच्चीच्या रस्त्याकडच्या कठड्यापाशी नेली. मग ती खाली गेली आणि मी आंघोळीला.